नावेचे भाडे आणि नावेतील माणसे

मालवणजवळचे देवबाग हे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले गाव आहे. येथून स्वतंत्र नाव भाड्याने घेऊन नदीचे मुख, तेथील त्सुनामी बेट आणि भोगव्याचा किनारा दिवसभरात पाहता येतो. निवतीसमोरील खडकाळ बेटे मात्र उघड्या समुद्रात आहेत. तेथे जायचे की नाही, हा निर्णय तांडेलावर सोपवावा.

असे भाडे सहसा माणशी नसून संपूर्ण नावेचे असते. माणसे वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो, आणि मोह येथेच होतो. आठ जणांच्या नावेत दहा बसले, तर थोडे रुपये वाचतात. पण नाव पाण्यात खोल जाते व लाट सहज आत येते. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटकांची नाव उलटून २२ जण मृत्युमुखी पडले. त्या नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती.

म्हणून इसार देण्यापूर्वी परवाना, प्रवासी-क्षमता आणि जीवरक्षक जाकिटांची संख्या पाहावी. मुलांना त्यांच्या मापाचे जाकीट लागते. मोठ्यांचे त्यांच्या अंगावरून निसटते. निघण्याची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवतात, कारण भरतीत त्सुनामी बेटाची वाळू बुडू लागते. पावसाळ्यात तर ही वाहतूक बंदच असते.