तलवारीच्या खेळातील दुखापती

तलवारबाजी म्हटली की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे रक्तबंबाळ योद्धा उभा राहतो. आधुनिक स्पर्धांतील वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांत २००१ ते २००६ या काळात दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. खेळाडूंच्या सुमारे ७८,००० सहभागांत, ज्यामुळे स्पर्धेतून माघार घ्यावी लागली अशा दुखापती अवघ्या १८४ भरल्या. एका खेळाडूने खेळलेली एक लढत हे माप धरल्यास हे प्रमाण दहा हजारांमागे सुमारे तीन इतके पडते. त्यांतही भोसकल्याच्या जखमा अत्यंत थोड्या होत्या. गुडघ्याच्या दुखापती सुमारे २० टक्के, मांडीच्या १५ टक्के व घोट्याच्या १३ टक्के होत्या. तलवार हातात असली, तरी इजा होते ती मुख्यतः पायाला.

याचे कारण खेळाडूच्या पवित्र्यात सापडते. उजव्या हाताचा खेळाडू उजवे पाऊल पुढे रोखतो आणि डावे पाऊल त्याच्याशी जवळजवळ काटकोनात ठेवतो. हल्ल्याच्या वेळी मागचा पाय झटक्याने ताठ होऊन शरीराला पुढे लोटतो व पुढच्या पायाची टाच जोराने जमिनीवर आदळते. त्या क्षणी धावते शरीर थोपविण्याचे काम पुढच्या मांडीच्या स्नायूंवर येऊन पडते. हे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचनाचा प्रयत्न करीत असतात, आणि असा भार स्नायूला सर्वांत जाचक असतो. त्यातच गुडघा पावलाच्या रेषेत न राहता आत कलला, तर वाटी आणि अस्थिबंध यांवर तिरका ताण बसतो. मागचे पाऊल आतल्या कडेवर घसटत जाते. तेथे घोटा मुरगळण्याचे व टाचेच्या कंडरेला सूज येण्याचे भय असते. जांघेचे स्नायूही या झेपेत ताणले जातात. पूर्वस्थितीला परतण्याची क्रिया तितकीच वेगवान असल्याने मांडीच्या मागील स्नायूंनाही विश्रांती नाही.

हीच हालचाल एकाच अंगाने वर्षानुवर्षे हजारो वेळा होत राहते. परिणामी पुढची मांडी व शस्त्र धरणारा हात दुसऱ्या बाजूपेक्षा जाड झालेले आढळतात. हा एकांगीपणा म्हणजे काही रोग नव्हे. परंतु दुसऱ्या अंगाच्या व्यायामाकडे दुर्लक्ष करणारा शिक्षक आमच्या मते खेळाडूचे अहित करतो. मनगट व कोपर यांच्या कंडरांच्या तक्रारीही याच पुनरावृत्तीतून उद्भवतात.

फॉईल, एपे व सेबर या तीन शस्त्रांपैकी सेबरमध्ये दुखापतीचे प्रमाण वरील पाहणीत इतर दोहोंपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक आढळले. (टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारताच्या भवानी देवी याच शस्त्राच्या स्पर्धेत उतरल्या होत्या.) सेबरमध्ये दोन्ही खेळाडू संकेत मिळताच परस्परांवर धावून जातात, आणि अचानक धावणे व अचानक थांबणे हेच या फरकाचे कारण असावे.

तथापि पात्याचा धोका मुळीच नाही, असे समजू नये. १९८० सालचा ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत खेळत असता प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले. मोडके टोक मुखवट्याची जाळी भेदून डोळ्यावाटे मेंदूत शिरले आणि काही दिवसांनी त्याचा अंत झाला. पाते वारंवार वाकल्याने त्यात सूक्ष्म चिरा पडतात, त्या वाढत जातात आणि एखाद्या आघाताने ते तुटते. बोथट टोकाच्या शस्त्राची अशा वेळी तीक्ष्ण शलाका बनते. या घटनेनंतर मुखवटे, वस्त्रे व पाती यांचे नियम कडक करण्यात आले. चिरा मंद गतीने पसरतील असे मॅरेजिंग पोलाद पात्यांसाठी आले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वस्त्राने भेदनकसोटीत ८०० न्यूटन, तर मुखवट्याच्या गळपट्टीने १,६०० न्यूटन बल सोसावे, अशी अट आहे. मॅरेजिंग पाते मोडले तरी त्याचे टोक बोथटच राहते, अशी एक समजूत खेळाडूंत आढळते. ती खरी नाही. तेही तीक्ष्ण मोडू शकते, मात्र मोडण्याचे प्रसंग कमी येतात.