आधी बाबांना सांग

मिरज,
14 मे 2025

चि. प्रणव यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

निकाल लागल्यापासून तुझा फोन बंद लागतोय. तुझ्या आईला, शोभाला विचारलं की ‘झोपलाय’, ‘रानात गेलाय’, ‘उठला की लावायला सांगते’ यापलीकडे ती काही बोलत नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. आमच्या वॉर्डातल्या एक सिस्टर उद्या गडहिंग्लजला माहेरी निघाल्यात, त्यांच्याकडे पत्र देतेय आणि तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. ते दाजींच्या हाती पडू नये म्हणून मला अशी काळजी घ्यावी लागतेय, हेच मला फार लागलंय.

परवा सोमवारी तुमच्या आळीतल्या काकू डोळे दाखवायला मिरजेला आल्या होत्या. ओपीडीत माझ्याजवळ बसल्या आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाल्या, ‘शोभाच्या हातातल्या पाटल्या दिसत नाहीत हल्ली. पोरासाठी तारण ठेवल्या म्हणे. कोण एजंट आलावता, इंजिनिअरिंगची सीट देतो म्हणून पन्नास हजार टोकन घेऊन गेला.’ मी त्यांच्यापुढे हसून वेळ मारून नेली. पण कुणाला सुई टोचताना माझा हात कधी थरथरला नव्हता, तो त्या दिवशी थरथरला.

हे खरं आहे का, प्रणव? खोटं असेल तर माझ्यावर रागव, मी ऐकून घेईन. पण खरं असेल तर दाजींना माहीत आहे का, एवढं मला आधी सांग. रोज रात्री डेपोत तिकिटांचा पै-पैचा हिशेब देऊन घरी येणारा माणूस तो. त्याच्याच घरातून चार तोळ्यांचं सोनं बाहेर जातं आणि त्याला पत्ता नसतो? तू हे कसं केलंस? आणि शोभाने तरी कसं केलं? तिच्याशी मी वेगळं बोलणार आहे. पण तिने तुझं तोंड बघून केलं असणार, तू मात्र तिचा हात मोकळा झालेला रोज बघतोयस.

त्या पाटल्यांचं तुला अर्धंच माहीत आहे. आजीने मरताना शोभाला दिल्या, एवढं तू ऐकलंयस. मामाच्या लग्नाचा अल्बम काढ आणि वरातीच्या आधीचा तो फोटो बघ. आजी मधोमध बसलीय आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतलेत. घरातलं पहिलं लग्न, मुलाकडची बाजू, आणि तिच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. पाटल्या तेव्हा सावकाराकडे होत्या. माझ्यासाठी.

मी 1991 साली बारावी झाले. गुण तुझ्यासारखेच, काठावरचे. मला मास्तरीण व्हायचं होतं. ओळखीतला एक गृहस्थ म्हणाला, डी.एड.ला सीट मिळवून देतो, वर थोडं द्यावं लागेल. प्रवेशासाठी असे वरचे पैसे घ्यायला राज्यात 1987 सालापासून कायद्याने बंदी होती. आम्हाला कायदा माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी विचारलं असतं की नाही कोण जाणे, कारण सगळेच देत होते. आईने पाटल्या काढून दिल्या. सीट मिळाली नाही, पैसे परत आले नाहीत आणि तो गृहस्थ गावात दिसायचा बंद झाला. मग मी सरकारी नर्सिंगला गेले. तिथे कुणाला काही द्यावं लागलं नाही, उलट महिन्याला थोडं विद्यावेतन मिळायचं. ती वाट आधीही होतीच. मी तिची चौकशीच केली नव्हती. नोकरी लागल्यावर मी पाटल्या सोडवून आणल्या, पण लग्नातला तो फोटो काही परत काढता आला नाही. आई त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

म्हणून म्हणते, त्याच पाटल्या पुन्हा त्याच कामाला जाऊ देऊ नकोस.

आता त्या एजंटचं बघू. मी काल रात्रपाळीला तुझे गुण कागदावर मांडले. भौतिकशास्त्र 38, रसायनशास्त्र 41, गणित 38. मिळून 300 पैकी 117, म्हणजे 39 टक्के. इंजिनिअरिंगच्या पदवीला खुल्या गटातून या विषयांत मिळून 45 टक्के लागतात, म्हणजे 135. राखीव गटाचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला असेल तर 40 टक्के, म्हणजे 120. मॅनेजमेंट कोट्यातली सीट असली तरी ही अट सुटत नाही. एजंट म्हणाला असेल ‘ते आम्ही बघून घेऊ’. काय बघून घेणार तो? कॉलेजने दिलेला प्रत्येक प्रवेश प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मान्यतेला जातो. तिथे गुणपत्रिका उघडली की 117 दिसणार. मान्यता नाही म्हणजे प्रवेश नाही, आणि तोवर तुझं वर्ष गेलेलं असेल, फी भरलेली असेल. त्याने पन्नास हजारांची पावती दिलीय का? नसेल दिली. दिली असेल तर जपून ठेव, फाडू नकोस.

हे लिहिताना माझा आवाज चढलाय ते मला कळतंय. तू शेजारी असतास तर आत्तापर्यंत उठून माडीवर गेला असतास.

पण बाळा, त्याच कागदावर मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला काढला तर तू तीन गुणांनी मागे आहेस. फक्त तीन. मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती हातात आल्यावर, कुठे बेरीज चुकलीय किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलंय असं दिसलं, तर पाच कामाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाला टाकता येतं. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन करता येत नाही, म्हणून आधी छायाप्रत. गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींची मागव. तुझ्या सरांना घेऊन बस आणि एकेक उत्तर बघ. गुण वाढतीलच असं मी म्हणत नाही. पण हे काम पन्नास हजारांचं नाही आणि ते उजेडात करता येतं.

ती छायाप्रत बघताना मनाशी खरं बोल. प्रात्यक्षिकाचे 30 पैकी गुण कॉलेजातच पडतात आणि बहुतेकांना चांगले पडतात. ते भौतिकशास्त्राच्या 38 मधून वजा केलेस तर 70 च्या लेखी पेपरात काय उरलं? तू अभ्यास केला नाहीस असं मी मुळीच म्हणत नाही, पहाटे चारचा दिवा मी डोळ्यांनी बघितलाय. पण पाठ केलेलं आणि समजलेलं यातलं अंतर त्या आकड्यात आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला हेच गणित दुप्पट होऊन समोर येतं. पैसे देऊन आत गेलेली पोरं तिथेच अडकतात आणि मग घरी सांगायची भीती आणखी मोठी होते.

रिपीटचंही तुझ्या मनात आहे असं शोभाच्या बोलण्यातून वाटलं, लातूरला जायचं म्हणून. श्रेणीसुधार योजनेत लगतच्या तीन परीक्षांना पुन्हा बसता येतं. पहिली यंदाच जून-जुलैमध्ये आहे. तुला मनापासून वाटत असेल तर बस. पण एक हिशेब कर. एक वर्ष रिपीट आणि पुढे चार वर्षं पदवी, झाली पाच. बारावी सायन्स पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा. तिथे बरे गुण पडले तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आणखी तीन. तीही पाचच. शेवटी हातात पदवी एकच. फरक इतकाच की मधल्या दोन वर्षांत तुझ्या हाताला काम लागलेलं असेल, आणि पुढचं नाही जमलं तरी डिप्लोमा कुठे जात नाही. त्याला सीईटी लागत नाही. कोल्हापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, इथे मिरजेतही आहे. शासकीय फीला पाटल्या लागत नाहीत.

आणि हे मी तुझे गुण कमी आहेत म्हणून सुचवत नाही. दिवाळीत तू आला होतास तेव्हा आमच्या टाकीवर पाणी चढत नव्हतं. मी मिस्त्रीला फोन लावत होते, तेवढ्यात तू मोटर उघडून बसलासही. पेपर अंथरलास, स्क्रू ज्या क्रमाने काढलेस त्याच क्रमाने त्यावर मांडलेस, प्रत्येकाशेजारी पेन्सिलने आकडा टाकलास. कपॅसिटर गेलाय म्हणालास, दुकानात जुना दाखवून तसाच नवा आणलास आणि अंधार पडायच्या आत पाणी चढलं. काका जेवायला हाका मारत होते, तुला ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं तुझ्या तोंडून फिजिक्सबद्दल एक उत्साहाचा शब्द मी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशी तू मला स्टार्टिंग वाइंडिंग म्हणजे काय ते समजावत होतास. हे पोरगं ढ नाही. मी तेव्हाही काकांना म्हटलं आणि आत्ताही म्हणते.

बीएस्सी, आयटीआय, पॉलिटेक्निक, श्रेणीसुधार, जे वाटेल ते निवड. मी हट्ट धरणार नाही. माझा हट्ट एकाच गोष्टीचा आहे, बाबांना सांग. टोकन दिलं असेल तर तेही सांग. दाजी चिडतील. जेवणार नाहीत एक वेळ. पण एजंटाच्या दारात जाऊन पैसे परत मागायला तू एकटा पोरगा पुरा पडणार नाहीस आणि शोभा तर नाहीच नाही, तिथे दाजीच लागतील. आणि त्यांना हे तुझ्या तोंडून न कळता बस स्टँडवर तिसऱ्याकडून कळलं, तर त्यांचं मन दुखावेल ते पैशांसाठी नाही दुखावणार. मला ओपीडीत कळलं तेव्हा माझंही तसंच झालं.

तुला एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. निकालाच्या दिवसांत मला रात्रपाळी नको वाटते. कॅज्युअल्टीत तुझ्या वयाची पोरं येतात. कोण कशाने येतं ते लिहीत नाही. प्रत्येक वेळी बाहेर बाकावर एक बाप बसलेला असतो आणि तो एवढंच म्हणत असतो, ‘मला सांगितलं असतं तर.’ तुझा फोन बंद लागला की मला तो बाक दिसतो. एवढ्यासाठी माझं हे सगळं पान-पान चाललंय. पाटल्यांचं काय, सोनं आहे, सोडवता येतं. मी एकदा सोडवलंय. लागले तर पुन्हा सोडवीन. आजीला त्यापेक्षा तिचा नातू मोलाचा होता, तुझ्या पाचवीला तिने तुला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

राज्यात यंदा बारावीला 91.88 टक्के मुलं पास झाली. त्यात तू आहेस. पास झालेल्या पोराने घरात तोंड लपवून बसायचं नसतं. रानात जातोस ते चांगलं आहे, पण जाताना फोन घेऊन जा.

शनिवारी दुपारी माझी ड्यूटी संपते, रविवारी सुट्टी आहे. शुक्रवारी रात्री दाजी आले, जेवण झालं की सांगून टाक. पाहिजे तर मला फोन लाव आणि स्पीकरवर ठेव, मी मध्ये बोलेन. आणि शनिवारी निघून इकडे ये. दाजींना रजा मिळाली तर त्यांनाही आण. इथल्या तंत्रनिकेतनात चौकशी करू, नाही पटलं तर तसाच परत जा. पुढे इथेच शिकायचं ठरलं तर वरची खोली रिकामीच आहे. काका म्हणाले, त्याला भाडं लागणार नाही पण मोटर बघावी लागेल.

शोभाला माझ्यातर्फे काही बोलू नकोस. तिला एवढंच सांग, मावशी चिडलेली नाही.

तुझा फोन येईपर्यंत मी वाट बघतेय. रात्रपाळीला असले तरी उचलेन.

तुझी,
मावशी

ता. क. येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल आणि आधार घेऊन ये. ईडब्ल्यूएसच्या दाखल्याला वेळ लागतो, तहसीलमध्ये अर्ज आधी टाक. छायाप्रतीचा अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आहे आणि त्याची मुदत मंगळवारी, 20 मेला संपते.