कातड्याचे तेल आणि ओढ्याचे पाणी

कमावलेले ओले कातडे तसेच वाळू दिले, तर ते पुठ्ठ्यासारखे ताठ होते. वाळताना त्यातील तंतू एकमेकांना चिकटतात. म्हणून वाळवण्यापूर्वी त्याला तेल पाजतात. प्रत्येक तंतूवर तेलाचा पातळ थर बसला, की बूट हजारो वेळा वाकला तरी वरचे चामडे तडकत नाही.

पण कातडे ओले आणि तेल तर पाण्यात मिसळत नाही! रसायनशास्त्राने यावर एक युक्ती शोधली. एरंडेल तेलावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली, की तेलाच्या रेणूंना सल्फेट गट जोडले जातात. हे गट पाण्याला धरतात, तर कार्बनची लांब साखळी तेलाला. जादा आम्ल काढून अल्कलीने उदासीन केलेले हे तेल पाण्यात घातले, की दुधासारखे पायस बनते. फिरत्या पिंपात कातडी या पायसाबरोबर घुसळतात. कारखान्यात अशा तेलाला ‘फॅटलिकर’ म्हणतात.

सगळेच तेल कातड्यात मुरत नाही. काही सांडपाण्यात उरते. तेथे जिवाणू त्याचा फडशा पाडतात. लायपेज नावाच्या विकराने ते तेलातून मेदाम्ले सुटी करतात. मग मेदाम्लाच्या साखळीतून दोन दोन कार्बन अणूंचे तुकडे तोडतात. शेवटी उरतात कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाणी. हेच जैवविघटन.

सर्वच तेलकट रसायनांचे असे होत नाही. चामड्याला मऊपणा देण्यासाठी क्लोरिनयुक्त पॅराफिनेही वापरली गेली. त्यांच्या साखळीवरील क्लोरिनच्या अणूंमुळे जिवाणूंच्या विकरांचे काम अडते. त्यांतील आखूड साखळीची पॅराफिने २०१७ साली स्टॉकहोम करारातील चिवट प्रदूषकांच्या यादीत गेली.

मग वनस्पती तेलाचे सांडपाणी खुशाल ओढ्यात सोडावे का? थांबा, आधी एक गणित करू. जिवाणू तेल खातात तेव्हा पाण्यातला प्राणवायू वापरतात. १ ग्रॅम एरंडेल तेलाच्या पूर्ण विघटनाला सुमारे २.७ ग्रॅम, म्हणजे २,७०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. २५° सेल्सियस तापमानाच्या १ लिटर पाण्यात तो असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. भागाकार करा: सुमारे ३४० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू एका ग्रॅमला हवा! हवेतून नवा प्राणवायू पाण्यात विरघळतो, पण सावकाश. तोवर मासे गुदमरतात.

म्हणून हे विघटन ओढ्यात नव्हे, तर शुद्धीकरणाच्या टाकीत घडवायचे असते. तेथे यंत्राने हवा खेळवतात, जिवाणू पोटभर तेल खातात आणि त्यांचे पुंजके गाळ होऊन तळाशी बसतात. तमिळनाडूतील आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट या चर्मोद्योगाच्या गावी अनेक कारखान्यांचे पाणी एकत्र शुद्ध करणारी केंद्रे आहेत.

तेव्हा एखादे रसायन ‘विघटनशील’ आहे असे कोणी सांगितले, तर दोन प्रश्न विचारा: विघटन किती दिवसांत होते? आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू कोठून येतो?

आता एक गृहपाठ. खाद्यतेलांनाही साधारण एवढाच प्राणवायू लागतो. तुमच्या घरी आठवड्यात तळणीचे किती तेल मोरीत जाते ते मोजा आणि वरचे गणित पुन्हा मांडा.