तबकडीवर माहिती उतरविताना येणारे दोष व त्यांचा शोध

उद्देश : शाळेच्या दप्तरातील माहिती घरच्या संगणकावरून सीडी अथवा डीव्हीडीवर उतरविताना अडचण आल्यास शिक्षकांस दोषाचे स्थान क्रमाने शोधता यावे, आणि लिहिलेल्या तबकडीवर विश्वास केव्हा ठेवावा हे कळावे.

विषयाची आवश्यकता

शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही ही केवळ शाळेच्या उपयोगाची वस्तू नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे खेड्यातील माणसाच्या जन्मतारखेचा लेखी पुरावा बहुधा शाळेच्या वहीतच सापडे. मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा महसुली कागदपत्रांबरोबर शाळांच्या जुन्या नोंदवह्याही तपासण्यात आल्या. वहीतील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचे किती अवलंबून असते, हे त्यावरून दिसून येईल.

अशा वह्यांची पाने छायाचित्ररूपाने संगणकात घेऊन तबकडीवर उतरविणे हे चांगले काम आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरील मजकूर चुकून पुसला जात नाही, हा तिचा मोठा गुण होय. परंतु तबकडी नीट लिहिली गेली नसेल, तर ती कपाटात सुरक्षित असूनही निरुपयोगी ठरते. आणि ही गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लिहिण्याइतकेच तपासण्यासही महत्त्व दिले पाहिजे.

१. तबकडीवर काय घडते

कोरी सीडी वरवर पाहता गुळगुळीत दिसते. परंतु तिच्यात आतून बाहेर जाणारी एक अखंड नागमोडी वाट असते. १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीतील ही वाट उलगडली, तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. वाटेवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो व त्यामागे आरशासारखा चकाकणारा धातूचा थर असतो. लिहिणारे यंत्र, ज्यास सामान्यतः रायटर म्हणतात, लेसर किरणाने ह्या रंगास जागोजागी तापविते. तापलेल्या ठिकाणी प्रकाश कमी परततो, न तापलेल्या ठिकाणी अधिक परततो. ह्या फरकातूनच संगणक सर्व अक्षरे व चित्रे ओळखतो.

छत्रपती संभाजीनगरच्या शिक्षकांस ही कल्पना विद्यार्थ्यांपुढे मांडणे अवघड नाही. हिमरूच्या पारंपरिक हातमागावर प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलावयाचे व कोणते नाहीत, हे आधीच बांधून ठेवलेले असते. ‘उचलला’ आणि ‘न उचलला’ ह्या दोनच स्थितींतून वेलबुट्टी उमटते. तबकडीवरही दोनच स्थिती असतात. हातमागावर एक धागा चुकला तर नक्षीत खोट दिसते. तबकडीत मात्र लहान चुका भरून काढण्याची गणिती योजना असते. म्हणून किंचित दोष लपून राहतो आणि तो वाढल्यावर माहिती एकाएकी वाचता येईनाशी होते.

२. दोष शोधण्याची रीत

तबकडी, रायटर, संगणक व त्यातील माहिती अशी ह्या कामाची चार अंगे आहेत. काम बिघडले की घाईने चारही अंगांत फेरफार केले जातात. त्यामुळे काम कधी कधी सुधारते, परंतु दोष कोठे होता हे कळत नाही व तो पुन्हा उद्भवतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम वहीत लिहावा.

समजा, एका शाळेतील तबकडी घरच्या संगणकावर वाचता येत नाही. प्रथम तीच तबकडी दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. तेथे ती चालली, तर संशय घरच्या यंत्रावर जातो. तेथेही चालली नाही, तर पूर्वी नीट चाललेली दुसरी एक तबकडी घरच्या यंत्रात लावावी. ती चालली, तर यंत्र निर्दोष असून बिघडलेल्या तबकडीतच दोष आहे असे समजावे. हे दोन प्रयोग पाच मिनिटांत होतात आणि निम्मा शोध तेथेच संपतो.

३. लक्षणे, कारणे व उपाय

(अ) यंत्र कोरी तबकडी ओळखतच नाही. — प्रथम तबकडीचा प्रकार पाहावा. केवळ सीडीसाठी असलेल्या यंत्रात डीव्हीडी चालत नाही. काही यंत्रे डीव्हीडी वाचतात, परंतु लिहू शकत नाहीत. यंत्राच्या दर्शनी भागावरील खुणेवरून हे कळते. प्रकार योग्य असूनही ओळख पटत नसेल, तर दुसऱ्या कंपनीची तबकडी लावून पाहावी. कोणतीच तबकडी ओळखली जात नसेल, तर भिंगावर धूळ बसली असण्याचा संभव आहे. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर येणारी शेतातील माती संगणकाच्या फटींतून सहज आत जाते. भिंग बोटाने किंवा पाण्याने पुसू नये; जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावे.

अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये रायटर बसविलेला नसतो. तो बाहेरून यूएसबीने जोडावा लागतो. अशा रायटरला लिहिताना अधिक वीज लागते. यूएसबीच्या जुन्या, दुसऱ्या पिढीच्या जोडणीतून केवळ ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. तो अपुरा पडल्यास यंत्र टकटक आवाज करते किंवा अदृश्य होते. तारेला दोन टोके असतील, तर दोन्ही लावावीत. मधल्या जोडपट्टीऐवजी संगणकाच्या मागील बाजूस थेट जोडणी करावी.

(आ) ‘जागा अपुरी’ असा संदेश येतो. — येथे बहुधा दोष नसून हिशेबाचा फरक असतो. डीव्हीडीवर ४.७ जीबी असे छापलेले असते. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात; संगणक मात्र १०२४ × १०२४ × १०२४ बाइटांचा एक जीबी मोजतो. ४७० कोटींस ह्या संख्येने भागले असता उत्तर सुमारे ४.३८ येते, व संगणक तेवढीच जागा दाखवितो. सीडीवर सामान्यतः ७०० एमबी मावते. तबकडी काठोकाठ भरू नये. लेखन आतून बाहेर होत जाते. बाहेरच्या कडेस बोटांचे डाग व चरे अधिक पडतात, आणि शेवटी लिहिलेली पाने प्रथम बिघडतात.

(इ) लिहिणे मध्येच थांबते. — लेसर लिहीत असता माहितीचा पुरवठा अखंड हवा. मोटेचे पाणी थारोळ्यात पडते व तेथून पाटात जाते. मोट खेपेखेपेने येते, तरी थारोळ्यात साठा असल्याने पाट वाहता राहतो. रायटरमध्येही असे एक थारोळे असते. ते रिकामे पडले की पूर्वी तबकडी वाया जाई. २००० सालाच्या सुमारापासून रायटरमध्ये लेखन थांबवून पुन्हा जोडण्याची सोय आली, तरी काळजी घेणे इष्ट. लिहिताना दुसरी कामे बंद ठेवावीत. पेनड्राइव्हवरून थेट न लिहिता माहिती आधी संगणकात उतरवून घ्यावी. संगणक मध्येच झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी. यूपीएस नसल्यास वीज जाण्याच्या वेळी हे काम करू नये.

वेग हेही कारण असते. तबकडीवर छापलेला वेग ही तिची कमाल मर्यादा होय. १६ पट वेगाच्या डीव्हीडीस ८ पट व ५२ पट वेगाच्या सीडीस १६ ते २४ पट वेग निवडावा. ८ पट वेगाने पूर्ण डीव्हीडी लिहिण्यास आठ-दहा मिनिटे पुरतात. शाळेच्या कामात एवढ्या वेळाची काटकसर करण्याचे कारण नाही.

(ई) काम पूर्ण झाल्याचा संदेश येतो, पण इतरत्र तबकडी उघडत नाही. — बहुधा तबकडी ‘बंद’ केलेली नसते. लेखन संपल्यावर शेवटची खूण लिहावी लागते. तिला संगणकाच्या भाषेत फायनलाइज करणे म्हणतात. ती नसेल तर लिहिणाऱ्या यंत्रास तबकडी कळते, इतरांस कळत नाही. विंडोजमध्ये लिहिण्यापूर्वी दोन पर्याय पुढे येतात : एक पेनड्राइव्हप्रमाणे वापरण्याचा व दुसरा सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठीचा. दप्तरासाठी दुसरा पर्याय घ्यावा. पुसून पुन्हा लिहिता येणारी तबकडी सरावास चांगली, दप्तरास नव्हे.

(उ) तबकडी उघडते, पण मराठी मजकूर विचित्र इंग्रजी अक्षरांत दिसतो. — येथे तबकडी निर्दोष असते. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी टंकलिखित झालेला मजकूर श्रीलिपीसारख्या विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असतो. तो फॉन्ट संगणकात नसेल तर अक्षरे बदललेली दिसतात. म्हणून तबकडी टाकून देऊ नये. फॉन्ट असलेल्या संगणकावर मजकूर उघडून त्याची पीडीएफ प्रत करावी. नव्या कामात युनिकोडच वापरावे. फायलींची नावेही आटोपशीर ठेवावीत. लांबलचक नावे काही पद्धतींत तोडली जातात.

४. जतन

अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांवर फ्लॅशचा झोत टाकण्यास मनाई आहे, हे सहलीस गेलेल्या प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते. प्रकाशाने रंगास इजा होते, हे त्यामागील कारण. तबकडीतील थरही रंगाचाच आहे. उन्हात पडलेली तबकडी काही दिवसांतच बिघडू शकते. ह्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो व पत्र्याच्या छपराखाली उष्मा त्याहून अधिक असतो. म्हणून तबकडी खिडकीपासून दूर, कोरड्या व त्यातल्या त्यात थंड खोलीत, डबीत उभी ठेवावी.

सीडीतील माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो; तेथे बॉलपेनने लिहू नये व कागदी चिठ्ठी चिकटवू नये. सीडीसाठी मिळणारा मऊ टोकाचा मार्कर मधल्या पारदर्शक कड्यावर वापरावा. पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे, गोल फिरवू नये. कारण वाटेच्या दिशेने पडलेला लांब चरा संगणकास भरून काढता येत नाही.

प्रत्येक माहितीच्या दोन प्रती दोन कंपन्यांच्या तबकड्यांवर घ्याव्यात. एक शाळेत व दुसरी केंद्रशाळेत ठेवावी. तिसरी हार्ड डिस्कवर असावी. रायटर दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत, म्हणून जुन्या तबकड्यांवरील माहिती वेळीच इतर साधनांवरही उतरवून घ्यावी. मुलांची माहिती खाजगी असते. तबकड्या कुलपात ठेवाव्यात व टाकाऊ तबकडी मोडूनच टाकावी. मूळ नोंदवही मात्र कोणत्याही कारणास्तव निकालात काढू नये.

५. अखेरची कसोटी

तबकडी लिहून झाल्यावर रायटरच्या पडताळणीच्या पर्यायाने ती तपासावी. तद्नंतर ती दुसऱ्या संगणकावर लावावी व पहिले, मधले आणि शेवटचे अशी तीन पाने प्रत्यक्ष उघडून मूळ वहीशी ताडून पाहावीत. हे झाल्यावरच तबकडीवर तारीख घालावी. दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडताना हीच तपासणी पुन्हा करावी. तपासून न पाहिलेली तबकडी शाळेच्या दप्तरात जमेस धरू नये.

स्वाध्याय

१) एक तबकडी घरी वाचता येते, केंद्रशाळेत येत नाही. कोणते दोन प्रयोग प्रथम करावेत व का?

२) ७०० एमबीच्या सीडीवर ३ एमबीची किती पाने मावतील? कडेची एक-दशांश जागा मोकळी सोडल्यास किती?

३) ‘एका वेळी एकच गोष्ट बदलावी’ हा नियम इयत्ता पाचवीच्या वर्गात न पेटणाऱ्या विजेरीच्या साह्याने शिकविण्याचा पाठ तयार करा. सेल, बल्ब, बटण व जोडणी ही चार अंगे घ्यावीत.

४) आपल्या शाळेतील सर्व तबकड्यांची यादी करून प्रत्येकीपुढे विषय, लेखनाची तारीख व शेवटच्या तपासणीची तारीख लिहा.