पाखराच्या पायातील वाळा

भाद्रपद संपत आला, म्हणजे मावळातील पाऊस ओसरू लागतो. इंदुरी गावी दाभाड्यांच्या गढीजवळून वाहणाऱ्या इंद्रायणीचे गढूळ पाणी निवळते आणि काठचे खडक उघडे पडतात. त्याच सुमारास त्या खडकांवर एक चिमुकला पाहुणा येऊन उतरतो. पाठ राखाडी, पोट पिवळे आणि लांब शेपटी सारखी खालीवर हलणारी! हा करडा धोबी. कोणी याला परीटही म्हणतात. हिवाळाभर तो पाण्याकाठी किडे टिपीत हिंडतो. चैत्राचे ऊन तापू लागले, की एके दिवशी तो दिसेनासा होतो. पुढील वर्षी भाद्रपद सरताच धोबी पुन्हा हजर असतो.

तो जातो कोठे? आणि परत येतो, तो गतवर्षीचाच की दुसरा? नुसत्या पाहण्याने याचे उत्तर मिळत नाही. कारण एक धोबी दुसऱ्यासारखाच दिसतो.

हे कोडे फार जुने आहे. कालिदासाने ‘मेघदूता’त मेघाच्या सोबतीने मानससरोवराकडे निघालेल्या राजहंसांचे वर्णन केले आहे. युरोपात मात्र पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी झोपून राहतात, असे विद्वान माणसेही मानीत असत. पुढे १८२२ साली जर्मनीत एक करकोचा आढळला. त्याच्या मानेत भाला आरपार रुतलेला होता आणि तो भाला होता आफ्रिकी बनावटीचा! करकोचे हिवाळ्यात आफ्रिकेत जातात, याचा हा ढळढळीत पुरावा होता. त्या मुक्या प्राण्याने तो आपल्या देहावर वागवून आणला होता.

भाल्याने जे काम क्रूरपणे केले, तेच एका शिक्षकाने ममतेने करून दाखविले. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग येथील शिक्षक मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचे हलके वाळे घातले. प्रत्येक वाळ्यावर निराळा क्रमांक कोरलेला होता. आजवर थव्यात हरवून जाणाऱ्या पाखराला त्यामुळे स्वतःची ओळख लाभली.

ही रीत आजही चालू आहे. डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या बारीक धाग्यांच्या जाळ्यात पक्षी अलगद धरतात. त्याचे वजन करतात, पंख मोजतात, पायात योग्य मापाचा वाळा बसवतात आणि लगेच त्याला सोडून देतात. करड्या धोब्याचे वजन अवघे सुमारे १८ ग्रॅम; म्हणून वाळा इतका हलका असावा लागतो, की त्याच्या उडण्यात अडथळा येऊ नये. हात शिकलेला नसेल, तर पाखराचा जीवही जाऊ शकतो. म्हणूनच योग्य शिक्षण आणि सरकारी परवाना यांवाचून हे काम कोणासही करता येत नाही.

वाळा घालणे हा झाला कामाचा एक भाग. उरलेला भाग मात्र अनोळखी माणसाच्या हाती असतो. इंग्लंडमध्ये १९११ च्या मे महिन्यात जॉन मेसफील्ड नावाच्या हौशी पक्षिमित्राने एका माळभिंगरीच्या पायात वाळा घातला. ते व्यवसायाने वकील होते. १९१२ च्या डिसेंबरात तीच माळभिंगरी नऊ हजारांहून अधिक किलोमीटर दूर, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, एका शेतघरात सापडली. वाळ्यावर लंडनचा पत्ता होता. तेथील माणसाने तो वाचला आणि पत्र धाडले. त्याने ‘आपल्याला काय त्याचे?’ म्हणून वाळा फेकून दिला असता, तर त्या पाखराचा सारा प्रवास जगाला अज्ञातच राहिला असता. वाळा घातलेल्या हजारो लहान पक्ष्यांपैकी मोजक्यांचाच पुढे ठावठिकाणा लागतो. म्हणून असे एकेक पत्र मोलाचे असते.

भारतात हे कार्य बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९२७ साली धार संस्थानात आरंभिले. पुढे १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही तापाने गाठले. या रोगाचे विष सैबेरियातून पक्ष्यांबरोबर आले असावे, अशी शंका निघाली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पक्ष्यांनी रोग आणल्याचे सिद्ध झाले नाही. पण राजस्थानातील भरतपूर येथे वाळे घातलेली बदके सैबेरियात आणि मध्य आशियात सापडू लागली. देशांच्या सीमा पाखरांना ठाऊक नसतात, हे त्यांवरून स्पष्ट झाले.

आता वाळ्याच्या जोडीला नवी साधनेही आली आहेत. सैबेरिया आणि उत्तर चीन येथे घरटी करणारा अमूर ससाणा हिवाळ्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ त्यांचे मोठे थवे उतरतात. २०१२ साली तेथे हजारो ससाण्यांची शिकार झाल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसविली, त्यांतील एकाला ‘पांगती’ या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचेच नाव दिले. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेलेला तो पक्षी दुसऱ्या वर्षी दोयांगला परतला, तेव्हा गावाला आपलेच कोणी परदेशाहून आल्यासारखे वाटले असेल! हेच ससाणे समुद्राकडे जाताना नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या डोंगरमाथ्यांवरही दिसतात.

वाळा घातलेले धोबी पुढील हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी आढळल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे इंद्रायणीचा तो खडक त्या चिमुकल्या जीवाचे दुसरे घर असू शकते. ते घर स्वच्छ राखणे आणि पाहुणा आला त्या दिवसाची वहीत नोंद करणे, ही कामे इंदुरीतील कोणत्याही मुलाला करता येतील. कधी एखाद्या मृत पक्ष्याच्या पायात वाळा दिसला, तर वडील माणसांना सांगून त्यावरील क्रमांक, तारीख आणि ठिकाण संस्थेला कळवावे. पक्षी जिवंत असेल, तर वाळा काढू नये. त्या पाखराचा प्रवास अजून संपलेला नसतो.

स्वाध्याय

१. करकोच्याच्या मानेतील भाला आणि पाखराच्या पायातील वाळा यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. ‘उरलेला भाग अनोळखी माणसाच्या हाती असतो,’ हे माळभिंगरीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. जिवंत पक्ष्याच्या पायातील वाळा का काढू नये?
४. तुमच्या गावी हिवाळ्यात येणाऱ्या एखाद्या पक्ष्याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.