प्रत्येक तास हा भाषेचाच तास



"आमचा मुलगा गणितात कच्चा आहे," अशी तक्रार अनेक पालक करतात. अभ्यासवर्गात शिकविताना आम्हाला मात्र वेगळेच आढळून आले. पुष्कळ मुलांना आकडेमोड येते. ती अडतात प्रश्नाच्या वाचनात. म्हणून वाचन-लेखन ही एकट्या मराठीच्या शिक्षकाची जबाबदारी नव्हे. इंग्लंडमधील बुलक समितीने १९७५ साली आणि आपल्याकडील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ साली हाच विचार मांडला. तो वर्गात कसा उतरवावा, हे विषयवार पाहू.

१) गणित : उदाहरण सोडविण्यापूर्वी मुलांनी तीन गोष्टी लिहाव्यात. काय दिले आहे, काय विचारले आहे, आणि कोणत्या शब्दावरून कोणती क्रिया करायची. 'संख्येपेक्षा ५ ने मोठी' म्हणजे बेरीज. 'संख्येच्या ५ पट' म्हणजे गुणाकार. संख्या १२ असेल तर पहिले उत्तर १७, दुसरे ६०. 'ने' आणि 'पट' यांतील फरक न कळल्यास पाढे पाठ असूनही उत्तर चुकते.

२) विज्ञान : रोजच्या वापरातले शब्द येथे निराळा अर्थ घेऊन येतात. डोक्यावर विटांची पाटी घेऊन तासभर एका जागी उभा राहिलेला मजूर घामाघूम होतो. परंतु पाटीचे विस्थापन शून्य असल्याने त्याने पाटीवर 'कार्य' केले नाही, असे विज्ञान म्हणते. मजुराच्या मुलाला हे पटणार कसे? त्याला शंका विचारू द्यावी. मग वहीत दोन रकाने आखून शब्दाचा घरातला अर्थ व पुस्तकातला अर्थ शेजारी शेजारी लिहून घ्यावा.

३) इतिहास : 'कारणे द्या' या प्रश्नाला मुले नुसत्या सनावळ्या लिहितात. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही अस्पृश्यांना पाणी भरता येईना, म्हणून १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. येथे 'तरीही' आणि 'म्हणून' हे दोन शब्द गाळले, तर कारणच हरवते. असे जोडशब्द फळ्यावर लिहून द्यावेत व उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिहावयास सांगावे. 'टिपा लिहा' आणि 'फरक स्पष्ट करा' यांत काय अपेक्षित असते, हेही प्रत्येक शिक्षकाने आपल्या तासाला दाखवून द्यावे.

४) घरी : ज्या घरातून पहिलीच पिढी शाळेत जाते, तेथे प्रश्न समजावून सांगणारे कोणी नसते. तरीही अक्षरओळख नसलेली आईसुद्धा रात्री मुलाला विचारू शकते, "आज काय शिकलास, मला समजेल असं सांग." जे सांगता येते ते लिहिताही येऊ लागते.

न कळलेल्या एका शब्दापायी मूल स्वतःला 'ढ' समजू लागते आणि पुढे शाळाच सोडते. तेव्हा मुलाच्या बुद्धीविषयी मत बनविण्यापूर्वी त्याला प्रश्न मोठ्याने वाचावयास सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.