वाट सोबत चालून शिकवावी

सांगानेरहून टोंक रस्त्याने दक्षिणेकडे गेले की चंदलाईचा तलाव लागतो. शरद ऋतू सरत आला की तेथे दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा त्यांतलाच एक हंस. आपल्या पैठणच्या नाथसागरावरही तो हिवाळ्यात येतो.

त्याची घरटी तिबेट, मंगोलिया, लडाख या भागांत असतात. तेथून निघून तो हिमालय ओलांडतो. अशा उड्डाणात ७,२९० मीटर उंचीची नोंद झाली आहे. रात्री आणि पहाटे हवा थंड व दाट असते, पंखांना आधार मिळतो. म्हणून अवघड चढण तो बहुधा तेव्हा चढतो. इकडे आल्यावर दिवसा पाण्याकाठी विसावतो आणि रात्री शेतांत चरतो.

ही वाट पिलांना कोण शिकवते? उन्हाळ्यात जन्मलेली पिले पहिल्या प्रवासात आई-वडिलांसोबत उडतात आणि उडता उडताच वाट ओळखतात. १९९३ मध्ये कॅनडाच्या बिल लिशमन यांनी छोट्या विमानामागून हंसांना दक्षिणेस नेले. पुढच्या वसंतात ते हंस स्वतःहून परतले. एकदा सोबत मिळाली, तेवढे पुरले.

याची दुसरी बाजू भरतपूरला दिसते. केवलादेवच्या पाणथळीत सैबेरियन क्रौंच दरवर्षी येत. प्रवासात शिकार होऊन ते घटत गेले आणि २००२ नंतर तेथे दिसले नाहीत. पाणथळ आजही आहे; ती वाट जाणणारे थोरलेच उरले नाहीत.

साधकांनो, आपल्या घरातही हेच घडते. प्रार्थना, सेवा, सत्य यांवर मुलांना उपदेश पुष्कळ होतो. पण त्या वाटेवर आपण स्वतः त्यांच्यासोबत किती चालतो? एका पिढीने चालणे सोडले, तर पुढच्या पिढीला ती वाट कोण दाखवणार?

या आठवड्यासाठी स्वाध्याय :

१. जी गोष्ट मुलांना नुसती सांगत होतो, ती रोज त्यांच्यासोबत करावी.

२. जवळच्या तलावावर त्यांना घेऊन जावे. पक्षी दुरूनच पाहावेत. थवा उठवू नये, कारण विनाकारण उडण्यात त्यांची शक्ती खर्च होते. परतताना काठावरचा कचरा उचलून आणावा.